खाऱ्या पाण्यातली मोरस

खाडीच्या काठी शेवंडखार नावाचे एक गाव आहे. एके वर्षी भाद्रपदात केवडानाथ महाराज तिथे नामसप्ताहासाठी येऊन राहिले होते. गावचे खोत विसाजीपंत यांच्या अंगणात मांडव पडला होता. होड्या भरभरून आसपासची माणसे येत होती.

त्याच गावात धर्मी नावाची एक आगरीण राहत असे. नवरा खाडीत बुडाला, पोर ना बाळ. खाजणाच्या दलदलीत मोरस खुडावी, ती विकावी आणि तोंडाने नाम घ्यावे, एवढाच तिचा संसार. मोरस म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणारी मांसल पानांची भाजी. गोड्या पाण्यात दोनदा उकळून, पिळून तिचा खार काढावा लागतो. मग मिरची-खोबरे घातले की ती अशी लागते, की जेवणाऱ्याने बोटे चाटावीत!

आपल्या हातचे काहीतरी महाराजांच्या पानात पडावे, ही धर्मीची एकच आस. सप्ताहाच्या सहाव्या दिवशी ती भाजीचे मडके घेऊन खोतांच्या दारी आली. विसाजीपंतांनी तिला पायरीवरच अडवले.

"हे काय आणलंस?"

"मोरस हाय, पंत. महाराजांसाठी."

"चिखलातलं गवत! अगं, हे शेळ्यांपुढे टाकायचं. माझ्या घरी पंचपक्वान्नं आहेत, आणि महाराजांना तू हे वाढणार?"

मांडवात हशा पिकला. धर्मी मडके घेऊन माघारी फिरली. वाटेत तिचे डोळे भरून आले. पण राग आला तो स्वतःचाच, की आपण एवढी हाव धरलीच का!

दुसऱ्या दिवशी अमावास्या. पहाटे उधाण असे आले, की बांध फुटला आणि समुद्र गावात शिरला. माणसे टेकाडावर चढली म्हणून वाचली. पाणी ओसरले, तेव्हा खोतांचे कोठार खाऱ्या पाण्याने भिजले होते आणि विहिरीही खारट झाल्या होत्या. खाडी खवळलेली, होड्या सोडता येईनात. शहाळ्यांवर तहान भागली, पण पोटाचे काय? खोतांच्या आचाऱ्यांनी विहिरीच्याच पाण्यात भात शिजवून पाहिला. घास तोंडात ठेववेना. लहान मुले थुंकून रडू लागली.

महाराजांनी धर्मीला जवळ बोलावले.

"धर्मी, खाजणात काही उरलंय का गं?"

"मोरस हाय, महाराज. तिला खाऱ्या पाण्याचं काय? तशीच उभी हाय."

"मग खुडून आण आणि शिजव. सगळ्यांना पुरेल एवढी."

"पण गोडं पाणी कुठं हाय?"

"विहिरीचं आहे ना? त्यातच शिजव. पिळू नकोस. आणि खोतांचा तो भात त्यातच कालव."

जन्मभर धर्मीने हीच भाजी रांधली होती. खारी भाजी, खारे पाणी, वर खारा भात! उपाशी माणसांपुढे हे कोणत्या तोंडाने वाढायचे?

"महाराज, लोक मना शिव्या देतील."

"तू रांध. चवीचं माझ्याकडे लागलं."

विसाजीपंत मोठ्याने हसले. "वा! आता मिठाचीच खिचडी जेवा सगळ्यांनी!"

धर्मीने मोरस आणली, चुलीवर हंडा चढवला. नैवेद्य चाखून पाहायचा नसतो, त्यामुळे तिला जिभेला लावूनही बघता येईना. ती पळीने ढवळत राहिली, नाम घेत राहिली. पहिले पान तिने महाराजांपुढे ठेवले.

महाराजांनी एक घास घेतला. मग दुसरा. पान निपटून ते म्हणाले, "धर्मी, वाढ आणखी!"

पंगत बसली. ज्या मुलांनी भात थुंकला होता, तीच "अजून दे, अजून दे" म्हणून हात पुढे करू लागली. म्हातारीकोतारी तृप्त होऊन ढेकर देऊ लागली. धर्मी वाढत होती, पण हंड्याचा तळ काही दिसेना. धन्य ते महाराज, धन्य तिची निष्ठा!

विसाजीपंतांना काही ते खरे वाटेना. ते माजघरात गेले. आचाऱ्यांच्या पातेल्यात तोच भात उरला होता. त्यांनी चिमूटभर तोंडात टाकला आणि तोंड पोळल्यासारखा थुंकला. मग ते धर्मीच्या हंड्यापाशी आले.

"मला... मला जरा दे."

धर्मीने पळीभर त्यांच्या ओंजळीत घातले. पंतांनी घास घेतला. तो घास असा गोड, असा मऊ, की लहानपणी आजारातून उठल्यावर आईने भरवलेला पहिला घास त्यांना आठवला. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. ते धावत जाऊन महाराजांचे पाय धरू लागले.

महाराजांनी पाय मागे घेतले.

"पंत, अन्न तिनं रांधलं. चव बिघडेल हे ठाऊक असून रांधलं. नमस्कार तिथं करा."

गावचा खोत वळला आणि चुलीपाशी उभ्या असलेल्या आगरिणीपुढे भर पंगतीत गुडघ्यांवर बसला. त्याने राखेने माखलेल्या जमिनीवर कपाळ टेकले.

"धर्मीबाई, मी चुकलो. मला पंगतीत घ्याल का?"

धर्मी गांगरली. पदर सावरत मागे सरली आणि घाईघाईने म्हणाली, "उठा पंत, उठा! आधी पानावर बसा. भूक लागली आसंल तुमाला."

आणि विसाजीपंत उठले, आगऱ्या-कोळ्यांच्या पंगतीत शेवटच्या पानावर जाऊन बसले. केवडानाथ महाराजांच्या नावाचा असा गजर झाला, की खाडीच्या पैलतीरावरच्या माणसांनीही हात जोडले.