सरकलेला पडदा

फार फार वर्षं झाली या गोष्टीला. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी. एका राज्यात एक चितारी होता. अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला भोक पाडून त्याने त्यात भिंग बसवलं होतं. भिंगासमोर, खोलीच्या आत, पांढऱ्या कापडाची चौकट उभी असे. बाहेरचा डोंगर, डोंगरावरचा किल्ला त्या कापडावर उलटा पण लख्ख उमटे. चितारी तो कोळशाने गिरवून घेई.

राजाने त्याला शाल दिली. तेव्हापासून त्याचं काही चुकतं असं म्हणायची कुणाची छाती होत नसे. त्याची स्वतःचीही नाही.

एके दिवशी त्याची म्हातारी आई म्हणाली, "लेकरा, तुझी ताई दूरदेशी दिली. माझ्याच्याने आता तिथवर जाववत नाही. आज तिन्हीसांजेला तांडा निघतोय, त्याच्याबरोबर माझं चित्र तरी धाड. तोंड दिसू दे पोरीला."

चिताऱ्याने तिला बाहेर, भिंगाच्या अगदी जवळ, उन्हात बसवलं. आत येऊन पाहतो तर कापडावर नुसता धुरकट डाग. नाक नाही, डोळे नाहीत.

"आई, हलतेस तू!"

"नाही रे बाबा."

"मग किल्ला कसा लख्ख दिसतो? तो तुझ्यासारखा थरथरत नाही!"

म्हातारी ओशाळली. "वय झालं रे. थांब, श्वास धरते हं."

त्याने भिंग पुसलं. पुन्हा पुसलं. डाग तसाच.

"घोटभर पाणी देतोस का?"

"आधी नीट बस!"

ऊन तापलं. शेवटी संतापून त्याने चौकटीलाच लाथ हाणली. चौकट भिंगापासून मागे सरकली, आणि त्या डागातून आई उमटली. एकेक सुरकुती दिसू लागली. दूरच्या डोंगरासाठी कापड जिथे उभं होतं, ती जागा जवळच्या माणसाला चालत नव्हती. कापडच मागे न्यायला हवं होतं.

मग त्याला बाकीचंही दिसलं. हात थरथरू नयेत म्हणून आईने मनगटांना पदराचे वेढे देऊन दातांनी गाठ ओढली होती. ओठ सुकले होते. उन्हात ताणून उघडे ठेवलेले डोळे वाहत होते.

तो बाहेर गेला. त्याची मान वर होईना. "आई, तू हलली नव्हतीस गं," एवढंच कसंबसं बोलला आणि गाठ सोडू लागला.

"राहू दे रे. चित्र झालं का?"

तिला पाणी पाजून, सावलीत टेकवून मगच त्याने चित्र पुरं केलं. मनगटांवरचे वळ त्याने झाकले नाहीत, जसेच्या तसे काढले. तांडा चित्र घेऊन गेला. दूरदेशी बहिणीने ते वळ पाहिले आणि भावाने आईला कसं ताटकळत बसवलं होतं ते तिला न सांगता कळलं.

माणूस धूसर दिसला तर त्याला दोष देण्याआधी आपण कुठे उभे आहोत ते पाहावं. जवळच्या माणसाच्या बाबतीत तर आधी पाहावं.