हान्फबर्गच्या दोरीचं सुटं टोक

मंडळी, चढ संपला. ज्यांना धाप लागलीय त्यांनी भिंतीला टेका आणि जरा वर बघा. बुरुजावर, पाच पुरुष उंचीवर एक दरवाजा दिसतोय ना? त्याला ना जिना, ना कठडा. आतून उघडून पाऊल टाकलं की माणूस थेट तुमच्या डोक्यावर. आणि खाली जमिनीत हे दोन दगड बघा, मधे खोबण्या आहेत. डावा शाबूत आहे, उजव्याचा टवका उडालाय. फोटो खुशाल काढा, पण आधी ऐकून घ्या, म्हणजे कशाचा काढताय ते तरी कळेल.

माझं नाव कुमुदिनी. माहेर मिरजेचं. पस्तीस वर्षांपूर्वी रुमानियातल्या या डोंगराळ मुलखात, या हान्फबर्ग गावात सून म्हणून आले आणि इथलीच झाले. सासरचं घर दोर वळणाऱ्यांचं. ही हकीकत मला सासूबाईंनी सांगितली, त्यांना त्यांच्या सासूबाईंनी. कागदोपत्री काही नाही, असं सांगतात एवढंच. आणि हो, लेले काकू, मघाशी खालच्या दुकानात दोरीचं टोक सुटलंय म्हणून तुम्ही त्या पोरीवर डाफरलात. तिनं बदलून दुसरी दिली, तर तिचंही टोक सुटलेलं. तिसरी मागू नका. का, ते शेवटी कळेल.

दोर कसा वळतात ते आधी समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं वाया. एक जण चाक फिरवतो. दुसरा कमरेला तागाचा झुपका गुंडाळतो आणि त्यातून धागा सोडत मागे मागे जातो. पाठ वाटेकडे, तोंड चाकाकडे. पीळ चाक देतं, पण तो किती घट्ट बसवायचा ते मागे चालणाऱ्याच्या बोटांत असतं. चाक मंदावलं की बोटं आवळतात, चाक जोरात आलं की सैल पडतात. म्हणून दोर अखेरपर्यंत एकसारखा निघतो. हे शिकायला पाच वर्षं जातात, आणि एकदा शिकलं की विसरता येत नाही.

फार जुन्या काळी या गावात ओटिलिया नावाची दोरवाली होती, असं सांगतात. तिचा धाकटा भाऊ आंद्रेआस चाक फिरवायचा आणि ती मागे चालायची. वीस वर्षं दोघांचं हेच. दिवसातून दहा वेळा भावाचं तोंड लांब लांब जाताना बघायची आणि शेवटच्या खुंटीशी पोचली की ओरडायची, "बस, आंद्रे!" मग तो चाक थांबवायचा. ओटिलियाचा दोर तुटला असं पंचक्रोशीत कुणी ऐकलं नव्हतं, आणि तिला त्याचा चांगलाच तोरा होता. खोटं कशाला बोलू?

गडावर तेव्हा वोल्फ्राम नावाचा सरदार होता. सरदार कसला, कसाई. त्यानं या दरवाजाबाहेर लाकडी सज्जा काढला होता. दोन तिरक्या टेकूंवर तो पेललेला, आणि टेकूंचे पाय या दोन दगडांत रोवलेले. समोर फासाचा खांब होता. कुणाला फाशी द्यायची झाली की सगळ्या गावानं वर यायचं आणि हा सज्जात बसून सफरचंदं खात बघणार. त्याचा आणखी एक हुकूम होता. उतरताना गडाला पाठ दाखवायची नाही. खाली ते लिंडनचं मोठं झाड आहे, तिथपर्यंत सगळ्यांनी सज्जाकडे तोंड करून उलटं चालत जायचं. पाठ फिरवली की तिरंदाज बाण सोडत. आताच चढून आलात ना? हाच उतार, आणि तोही बर्फाचा. म्हातारी माणसं पडायची, हातपाय मोडून घ्यायची. दोर वळणाऱ्यांचं मात्र काही अडत नसे, त्यांचा जन्म उलटं चालण्यातच गेलेला.

ओटिलियाची आई बार्बरा सत्तरीची होती. एका हिवाळ्यात अशीच उतरताना तिचा पाय घसरला. पडताना कुणीही करेल तेच तिनं केलं, सावरायला वळली. बाण मानेत घुसून गळ्यातून बाहेर आला. आंद्रेआस शेजारीच होता. त्यानं आईला बर्फावर टेकवलं, कमरेची ताग झोडायची लाकडी मोगरी काढली आणि वर धावला. ज्यानं बाण सोडला त्याला त्यानं गाठला आणि त्याच्या डोक्यात मोगरी घातली. एकदा नाही. चार शिपायांनी मागे ओढला तेव्हा तो थांबला, आणि तोवर खाली पडलेल्या माणसाला चेहरा म्हणून काही उरलं नव्हतं.

आंद्रेआसला फाशी ठरली. वोल्फ्रामनं ओटिलियाला समोर उभं केलं.

"दोर तू वळायचा," तो म्हणाला. "आणि चाक त्यानं फिरवायचं. तुम्हा दोघांचं काम एकदम चोख असतं म्हणे."

तेव्हा एक जुनी रीत होती. फासाचा दोर तुटला, तर देवानं माणसाला सोडलं असं मानत. मग त्याला कुणी हात लावत नसे. ती रीत मोडायची हिंमत वोल्फ्रामलाही नव्हती. त्यानं त्या रीतीला नुसतं शेपूट जोडलं होतं: दोर तुटला तर वळणाऱ्याचा उजवा हात मनगटापासून तोडायचा. ओटिलियाला क्षणभरही विचार करावा लागला नाही. हात गेला तर जाऊ दे, भाऊ तर राहील.

आंद्रेआसला साखळदंडासकट चाकापाशी आणलं. चाकाच्या आकड्याला धागा अडकवताना ओटिलियाचं तोंड त्याच्या कानाशी गेलं.

"ढिला," ती पुटपुटली.

"ढिला," तो म्हणाला.

बस, एवढंच बोलणं. ती मागे निघाली. आंद्रेआसनं ठरल्यासारखं चाक मंद फिरवलं, अगदी मंद, पीळ कच्चा राहावा म्हणून. शिपायांना काय कळतंय? ओटिलिया त्याच्याकडे बघत होती. त्याची दाढी वाढली होती, एक डोळा सुजून मिटला होता. हे तोंड आपण पुढच्या महिन्यातही बघणार, पुढच्या वर्षीही बघणार, असं ती मनाशी घोकत होती. बोटांकडे तिचं लक्ष नव्हतं. खुंटीशी पोचल्यावर ती म्हणाली, "बस, आंद्रे," आणि त्यानं चाक थांबवलं. पंधरा हात दोर झाला. शिपायांनी तो लगेच उचलून नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी इथं, या जागी, आंद्रेआसच्या पायाखालचं लाकूड काढलं. ओटिलिया दोराकडे बघत राहिली. दोर तुटला नाही, साधा कुरकुरलाही नाही. आंद्रेआस बराच वेळ पाय झाडत होता, कारण त्यालाही दोर तुटायची खात्री होती आणि तो वाट बघत होता. वोल्फ्राम सज्जातून हसला म्हणे.

शिपायांनी ओटिलियाला पुढे ढकललं, दोर तपासून घे म्हणाले, अजून तीन दिवस टिकला पाहिजे. तिनं त्याला हात लावला आणि तिला कळलं. चाक जिथं जिथं मंदावलं होतं, तिथं तिथं पीळ दगडासारखा घट्ट होता. चाक हळू झालं की आवळायचं, हे बोटांना वीस वर्षं ठाऊक होतं. ठरवलेलं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. शिपायानं विचारलं, दोर कसा आहे? ती म्हणाली, चांगला आहे.

मग सगळ्यांबरोबर ती उलटं चालत उतरली. फासावरचा भाऊ लहान लहान होत गेला. लिंडनपाशी पोचल्यावर तिच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "बस, आंद्रे." आसपासच्या बायकांनी ते ऐकलं. 

प्रेत तीन दिवस लटकत ठेवायचं आणि मग गावासमोर दोर वळणाऱ्यानंच उतरवायचं, असा नियम होता. त्या तीन दिवसांत ओटिलियानं गावातल्या दहा दोरवाल्या बायका गोळा केल्या. सगळ्यांत मोठी तिची मावसबहीण रेगिना. ओटिलिया म्हणाली, घरात वळलेले दोर आहेत, प्रत्येकीनं तीस हात घ्यायचा. कमरेला गुंडाळायचा, वरून ताग लपेटायचा. आपल्या कमरेला ताग असतोच, कुणी विचारणार नाही. टोकाला टोक अडकवायचं, वर सज्जाच्या टेकूला बांधायचं आणि उतरताना धागा सोडतो तसा दोर सोडत यायचं.

रेगिना हिशेबी बाई. ती म्हणाली, "दहा जणींचा तीनशे हात होतो. झाडापासून टेकूपर्यंत तीनशे पंधरा आहे. मी पावलांनी मोजलंय."

"मीही मोजलंय."

"मग पंधरा हात कुठून आणणार?"

"तेवढा वर टांगलाय," ओटिलिया म्हणाली.

तिसऱ्या दिवशी गाव वर जमलं. वोल्फ्राम सज्जात खुर्ची टाकून बसला. ओटिलियानं शिडीवर चढून भावाला दोरासकट उतरवलं. त्याच्या गळ्यातला फास काढताना तिला बोटं गारठलेल्या मांसात खुपसावी लागली. तिनं प्रेत ओढत उजव्या टेकूपाशी आणलं, त्याच्यावर गोणपाट टाकलं आणि शेजारी बसली. प्रेताजवळ शिपाई कशाला येतोय? गोणपाटाखाली तिनं फासाच्या त्याच दोराचं एक टोक टेकूच्या पायाला आवळलं. दुसरं टोक रेगिनाच्या कमरेच्या दोराला अडकवलं.

उतरायचा हुकूम झाला. गाव उलटं चालू लागलं; प्रेत हलवायचं काम ओटिलियाचं, म्हणून ती मागेच राहिली. मधोमध एकामागे एक दहा जणी, घेरदार झग्यांच्या आड दोर सोडत, आणि भोवती बाकीचे खेटून. एकीचा संपला की दुसरीच्या कमरेतून सुरू. अर्ध्या वाटेत एक म्हातारा गिरणीवाला पडला आणि पडता पडता वळला. दोन बाण आले. एक पाठीत, एक डोक्यात. तो रेगिनाच्या पायांतच कोसळला. थांबली असती तर वरच्यांनी निरखून बघितलं असतं. ती त्याला ओलांडून गेली. दोर त्याच्या रक्तातून घसटत गेला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण तोंड सज्जाकडेच होतं.

झाडापाशी पोचलं की वळायची मुभा असे. त्या दिवशी कुणी वळलं नाही. दोनशे माणसांनी वाकून दोर धरला आणि ओढला.

ओटिलियानं वर बसून बघितलं. बर्फातून दोर उठला, ताठ झाला. तो तुटेल का, ही शंका गावात प्रत्येकाला होती. तिला नव्हती. पण टेकू हलेना, दगडाच्या काठानं त्याचा पाय धरून ठेवला होता. आई गेली त्या दिवशी बर्फात पडलेली भावाची मोगरी तिनं झग्यात लपवून आणली होती, ती घेऊन ती उठली आणि त्या काठावर घातली. वोल्फ्राम वरून ओरडला. एक शिपाई भाला घेऊन धावत आला. तिनं दुसरा घाव घातला. भाला तिच्या खांद्यात शिरला. तिसऱ्या घावाला दगडाचा टवका उडाला, टेकू खोबणीतून निसटला आणि खालून दोनशे माणसांनी तो हिसका देऊन ओढून घेतला. सगळा सज्जा वरून कोसळला. शिपाई जागच्या जागी चेंगरला. ओटिलियाचा उजवा हात तुळईखाली सापडला.

वोल्फ्राम मेला नव्हता. त्याचे दोन्ही पाय मोडले होते, आणि सांडलेल्या सफरचंदांमधून तो बुरुजाच्या खालच्या दाराकडे सरपटत निघाला होता. गाव आता सरळ तोंडानं वर धावत येत होतं. वाटेत आणखी सहा माणसं बाणांनी पडली, तरी कुणी थांबलं नाही. तिरंदाज धनुष्यं टाकून पळाले.

रेगिना सगळ्यांत आधी पोचली. "बघा," ती म्हणाली, "पाठ दाखवतोय." पुढचं मी मुलांसमोर सांगत नाही. त्याला पुरायला काही शिल्लक नव्हतं, एवढं सांगते.

ओटिलियाचा हात मनगटापासून काढावाच लागला. पुढं ती डाव्या हातानं दोर वळायची, चाकावर रेगिना. पण प्रत्येक दोर संपायला आला की शेवटचं वीतभर ती बोटं सोडून द्यायची. रेगिनाला वाटलं, बिचारीला जमत नाही. एकदा ती म्हणाली, "टोक सुटं राहिलं गं, आण, मी आवळते." ओटिलिया म्हणाली, "जमतं मला. राहू दे. त्या दिवशी एवढंच करायचं होतं."

आजही फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी अख्खं गाव गडावर येतं आणि लिंडनपर्यंत उलटं चालत उतरतं. पोरं खिदळतात, पडतात, आणि पडताना वळली तरी त्यांना कुणी काही म्हणत नाही. वरचा दरवाजा कुणी बुजवलेला नाही. आणि आजही हान्फबर्गमध्ये कुठलाही दोर घ्या, जहाजाचा असो नाहीतर काकूंच्या पिशवीतली शोभेची दोरी असो, शेवटचं वीतभर टोक सुटंच असतं.

आमच्या घरी चाकावर माझा नवरा असतो. त्याचं नाव पेटर. मी मागे चालते. पण खुंटीशी पोचले की मीसुद्धा बोटं सोडते आणि म्हणते, "बस, आंद्रे." आणि तो चाक थांबवतो.