माळ्यावरचे गाठोडे

पूर्वी गोदेकाठच्या एका नगरात राजा अजितसेन राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व परटाच्या घरी जन्मले होते. त्यांचा घाट लहानसा; पण हात असा की राजवाड्याची वस्त्रेही त्यांच्याकडेच येत.

एके सकाळी शेजारची रेवा कुंभारीण पाणवठ्यावरून रिकामी घागर घेऊनच धावत आली.

"भावजी, खाराच्या भट्टीवर म्हणे माणसं साखळदंडानं बांधून..."

"बांधून काय?"

"तेच तर! मला पाहिलं नि बाया गप्प झाल्या. माझ्या कानांची कीर्ती तुम्हाला ठाऊकच आहे."

बोधिसत्त्व हसले नाहीत. कपडे उकळताना लागणारा, राखेपासून होणारा खार ते कंडर नावाच्या भट्टीवाल्याकडून घेत. वसंतोत्सव तोंडावर आला होता. खार थांबला की राजवाड्याचे काम गेलेच.

"अर्ध्या गोष्टीवरून कुणाला दोषी कसं धरावं, वहिनी?"

"धरू नका. उरलेली अर्धी बघून या."

ते गेले. भट्टी रानात होती. कंडर हसत सामोरा आला. "या परीटबुवा! आज इकडं वाट चुकलात?"

"ज्या खारात रोज हात घालतो, तो होतो कसा ते पाहावं म्हटलं."

धुरात काही बायका-पुरुष राख चाळीत होते. कमरेला, अंगाला गोणपाटाचे तुकडे. साखळदंड कुठेच नव्हते, कुंपणही नव्हते. रानातली वाट उघडी पडली होती. बोधिसत्त्वांना हायसे वाटले. ते परत फिरले, तोच लाकडांच्या ढिगाआडून एका बाईने हळूच विचारले,

"परीटदादा, आमची लुगडी वाळली का हो?"

"कोणती लुगडी?"

"आलो त्या दिवशी धनी म्हणाले, मळलीत, परटाकडं टाकतो. दोन उन्हाळे गेले. अशा उघड्या अंगानं बाईमाणूस वाटेला कसं लागणार? पुरुष पळाले, तर वेशीवरचे पहारेकरी चोर समजून इथंच आणून सोडतात."

बोधिसत्त्वांना आठवले: कंडराने दिलेले गाठोडे त्यांच्याच माळ्यावर होते. 'धुऊन ठेव, मी मागेन तेव्हाच दे,' तो म्हणाला होता. ज्याच्या हातून कपडा घेतला त्याच्याच हाती द्यायचा, हा परटांचा नेम. त्यांनी तो इमानाने पाळला होता. कसर लागू नये म्हणून गाठोड्यात कडुनिंबाचा पालाही घातला होता.

घरी येऊन रेवाला सारे सांगून ते म्हणाले, "आजपासून त्याचा खार बंद."

"झालं! तुम्ही सुटलात," रेवा म्हणाली. "तो खालच्या घाटावरच्या परटांना विकील. आणि ती माणसं?"

बोधिसत्त्वांनी गाढव अंगणात आणून बांधले. मग त्यांनी माळ्याला शिडी लावली.

परीटवाड्यातला वडीलधारा सोमा दारात आडवा झाला. "गाठोड्यावर खूण कंडराची आहे. नेम मोडलास तर घाटावरचा तुझा धुण्याचा दगड उचलून फेकू."

"फेका, आबा. पण त्या माणसांचं कुलूप माझ्या घरात असताना मला जेवण जायचं नाही."

गाढवावर गाठोडे टाकून ते निघाले. रेवा मागोमाग होतीच. थोड्या वेळाने परीटवाड्यातली माणसेही एकेक करून मागे येऊ लागली. कपडे बडवायची धोपाटणी हातातच राहिली होती. सोमा सर्वांत मागे होता.

कंडर काठी घेऊन भट्टीच्या वाटेत उभा होता, बाजूला त्याचे दोन दांडगे गडी. "गाठोडं माझ्या हाती दे. परटाचा नेम आहे ना?"

बोधिसत्त्वांनी गाठोडे गाढवावरून उतरवले. त्यांनी गाठ सोडली. एक लुगडे उलगडून वर धरले.

"याच्या पदराला हिरव्या दोऱ्यानं शिवलंय. हे आपलं असेल, तर नेसून दाखवा, शेठ."

मागे कुणीतरी फिसकन हसले. कंडराने काठी उगारली, तोच सोमा पुढे आला आणि धोपाटणे खांद्यावर घेऊन त्याच्यापुढे उभा राहिला. दांडगे एकमेकांकडे पाहू लागले आणि मागे सरले.

"माझं आहे ते," ढिगाआडून आवाज आला. रेवाने आपली ओढणी आडोशाला धरली. ती बाई नेसून बाहेर आली, तेव्हा ताठ चालत होती. मग एकेक जण पुढे आला. शेवटी एक पागोटे उरले.

"ज्याचं ते होतं, तो गेल्या थंडीत वारला," ती बाई म्हणाली. बोधिसत्त्वांनी ते घडी करून तिच्या हाती दिले. सारे दिवसाढवळ्या, वेशीतून, आपापल्या गावी गेले.

त्या वर्षी राजवाड्याची वस्त्रे खाराऐवजी रिठ्याने धुतली. ती पिवळट राहिली, आणि पुढे ते काम आले नाही. बोधिसत्त्वांनी नवा खार घेतला तो आधी दुसऱ्या भट्टीवर जाऊन, 'सांजेला घरी जाता ना? अंगावरचं तुमचंच ना?' असे राख चाळणाऱ्यांनाच विचारून.

एवढी कथा सांगून तथागत म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा कंडर तो आजचा देवदत्त, रेवा ही विशाखा, सोमा हा आनंद आणि तो परीट मीच होतो. कनवाळू माणसाच्या माळ्यावरही दुसऱ्याचा बंदिवास असू शकतो. म्हणून करुणेला अप्रमादाची, जागेपणाची, जोड हवी."

पाणवठ्यावर मात्र बाया पुष्कळ दिवस विचारीत राहिल्या, "साखळदंड होते ना गं, रेवा?"

"नव्हते," रेवा घागर बुडवीत म्हणे. "तेवढंच खोटं होतं."