बांधाखालचा कागद

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या नगराचं नावसुद्धा आता कुणाला सांगता येत नाही. नगराच्या वरच्या अंगाला मोठं तळं होतं आणि तळ्याला मातीचा उंच बांध. ज्यांना घर नाही अशी माणसं त्या बांधाच्या पायथ्याशी झोपायची. दुसरीकडे कुठं त्यांना कुणी टेकू देत नसे.

त्यांच्यातच एक बाई होती. नवरा तापाने गेला आणि सासरच्यांनी दार लावून घेतलं. पदरात दोन वर्षांची पोर, ठमी. बाईचा जीव सदा मुठीत. ठमी झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून बघायची, श्वास चालू आहे ना म्हणून.

तिला सगळ्यात जास्त भीती कोतवालाची. कारण त्या नगराचा कायदाच तसा होता. ज्याला स्वतःचा उंबरठा नाही आणि जो हात पसरतो, त्याचं मूल उचलायचं आणि सरकारी कोठीत ठेवायचं. कोठीत गेलेलं मूल आईला पुन्हा दिसत नसे.

बांधाखाली एक म्हातारे पंतोजीही राहत. त्यांची शाळा मोडली होती, पण अक्षर मोडलं नव्हतं. त्यांनी एक युक्ती काढली. लाकडाच्या फळीवर अक्षरं उलटी कोरायची, शाई फासायची आणि कागदावर छाप उठवायचा. बाहेरच्या बाजूला ओव्या, सणवार, खोकल्याचं औषध. आतल्या घडीत मात्र बिनघरच्या माणसांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली नगराची खबर. ऐकीव ओळ एकही नाही. हा कागद त्याच माणसांनी बाजारात विकायचा आणि त्यावर पोट भरायचं. राजानेही हुकूम काढला, कागद विकणारा भिकारी नव्हे, त्याच्या मुलाला हात लावायचा नाही.

त्या दिवसापासून बाई मान वर करून बाजारात चालू लागली. पण भीती अशी एका हुकमाने जाते होय?

एका सकाळी ती बांधाच्या उगवतीकडच्या टोकाला धुणं धुवायला गेली. तिथे दगडातून नेहमी थोडं पाणी पाझरायचं. आज ते गढूळ होतं. तिचा बाप बांध घालणारा. तो म्हणायचा, "पाझर नितळ तोवर खुशाल झोपावं. गढूळ झाला की उठावं. पाणी आतली माती खातंय."

ती धावत कोतवालाकडे गेली. कोतवाल हसला. "बांधाला ओल असायचीच. आणि ऐक, बाजारात बोंब मारून लोकांना घाबरवलंस, तर पोर कोठीत जाईल."

बाईला तोंडाने बोलायची सोय उरली नाही, म्हणून तिने पंतोजींना सांगितलं. पंतोजींनी स्वतः जाऊन पाझर पाहिला आणि ती खबर आतल्या घडीत छापली. बाईने सगळे कागद विकले, मुकाट्याने. मनात म्हणाली, आता वाचतील आणि धावत येतील.

कुणी आलं नाही. एक दिवस गेला, चार गेले, आठ गेले. पाझर करंगळीएवढा होता तो मनगटाएवढा झाला. बाई ठमीला उराशी बांधून बसल्या बसल्या डुलकी घ्यायची आणि दचकून उठायची.

नवव्या दिवशी ती तीच खबर पुन्हा छापलेले कागद घेऊन कासारआळीत गेली. तिथली कासारीणकाकू मायाळू. दर वेळी पहिला कागद तीच घ्यायची.

"आलीस का गं? हे घे पैसे. कागद राहू दे. मागचे आहेत अजून, बांगड्या गुंडाळायला."

बाईने पाहिलं. हिरव्या चुड्यावर कागदाचा तुकडा गुंडाळला होता. त्यावर अक्षरं होती, पाझर गढूळ झाला आहे.

"काकू, तुम्ही आतलं वाचलं नाहीत?"

"मी? अगं, मी तुझ्याकडे बघून कागद घेते. पोर काखेत, ऊन डोक्यावर. कीव येते. त्यात वाचायचं काय?"

शेजारचा हलवाई म्हणाला, "आम्ही तर पुण्य लागतं म्हणून घेतो बाई. जिलबी बांधायला बरा पडतो."

सगळ्या नगराने कागद घेतला होता, आणि कुणीही तो उघडला नव्हता. तिने हातातले पैसे काकूंच्या पुढ्यात ठेवले.

"पैसे नकोत. हा घ्या. माझ्यादेखत उघडा आणि वाचा."

"अगं, खुळी की काय!"

कोतवालाचा एक शिपाई तिथेच उभा होता. तो पुढे आला. "पैसे घेत नाहीस? म्हणजे विकत नाहीस. मग कागदवाली कसली तू? आण ती पोर इकडे."

बाईने ठमीला इतकं आवळलं की पोर रडायला लागली. पैसे उचलले तर आत्ता पोर वाचत होती. पण संध्याकाळी तिला निजवायचं कुठे? त्याच बांधाखाली ना! इकडे आड, तिकडे विहीर. तिचा आवाज चिरकला, पण बंद पडला नाही.

"शिपाईदादा, तुमची कोठी कुठे आहे?"

"कासारआळीच्या मागे."

"आणि तुमचं घर?"

"तिथेच. का?"

"मग माझ्या पोरीला न्या नाहीतर ठेवा. पाणी आलं की तिच्या अंगावरही येणार आणि तुमच्या मुलांच्याही."

शिपायाचा हात तसाच हवेत राहिला. तोवर काकूंनी घडी उघडली होती. त्या मोठ्याने वाचू लागल्या. "बांधाच्या उगवतीच्या टोकाला पाझर गढूळ झाला आहे. आतली माती वाहते आहे. पाणी सोडायच्या मोऱ्या उघडून तळं उतरवा. अगं बया! हे कधीचं?"

"आठ दिवसांपूर्वीचं, काकू."

मग बाजारात एकच पळापळ झाली. लोक बांधाकडे धावले. पाणी शेणकाल्यासारखं येत होतं. मोऱ्या उघडल्या, म्हातारेकोतारे आणि लेकरं टेकडीवर नेली, कोठीचंही दार उघडलं. तिसऱ्या दिवशी उगवतीचं टोक ढासळलं. तळं अर्धं उतरलं होतं म्हणून माणसं वाचली. पण बांधाखालचे आडोसे गेले आणि कासारआळीतली अकरा घरं पडली. आठ दिवस आधी कुणी घडी मोडली असती, तर तीही उभी राहिली असती.

राजाने कोतवालाला काढलं. कोठीतली मुलं आपापल्या आईकडे गेली. टेकडीवर बिनघरच्यांना जागा मिळाली. बाजारात मात्र लोकांनी आपणच एक रीत पाडली. कागद घेतला की तिथेच उभं राहून आतली एक खबर मोठ्याने वाचायची, मगच पैसे द्यायचे.

म्हणून बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, हे ध्यानात धरा: गरिबाच्या हातावर पैसे ठेवणं म्हणजे अर्धीच मदत, त्याचं म्हणणं ऐकून घेतलं, तरच ती पुरी होते.