चारीच्या टोकाला आधी पाणी

"तुझ्या शाळेत सगळ्यात चांगलं कोण शिकवतं?"

मला वाटलं होतं, गुरुजी ओसरीवर पुस्तक वाचत बसलेले असतील, एडिंबरोच्या माझ्या पदवीची चौकशी करतील. ज्यांनी मला चौथीत शिकवलं ते बारगजे गुरुजी सापडले कालव्यातून शेतांना पाणी नेणाऱ्या चारीवर, घोटाभर चिखलात, हातात फावडं. पदवीचं त्यांनी काहीच विचारलं नाही; पहिला प्रश्न हाच केला.

"मीच," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू?

"कोणाला शिकवतेस?"

"पाचवी 'अ'ला. हुशार वर्ग आहे. परीक्षा महिन्यावर आलीय. निकाल घसरला तर पालक जूनमध्ये मुलं काढून नेतील, संस्था तुकडी बंद करेल. मुख्याध्यापिका म्हणून माझं पहिलंच वर्ष आहे, गुरुजी."

"आणि ऊसतोडीवरून आलेली पोरं?"

"सोळा आहेत. पाच महिन्यांनी आलीत, वाचायचंही विसरलीत. ती देवकर सरांकडे. सर नवीन आहेत... पण समान संधीचा आराखडा मी केलाय. मोबाईलमध्ये आहे. दाखवू?"

गुरुजी फावड्यानं चारीतला गाळ ओढू लागले.

चारी भरून वाहत होती. तिच्यावरचं पहिलंच रान गुरुजींचं. तिथला भुईमूग माना टाकून पडला होता आणि पाणी त्याच्या कडेनं पुढं चाललं होतं.

बांधावरून शेजारचा शहादेव म्हणाला, "मास्तर, तुमचा भुईमूग शिव्या घालतोय तुम्हाला."

"घालू दे. पोरांच्या ऐकल्यात, त्याच्याही ऐकीन."

"ताई, तुम्ही तरी सांगा यांना. पाणी यांच्या दारातून, पाणी संस्थेचे अध्यक्ष हेच, आणि पाळी घेतात सगळ्यात शेवटची."

मला राहवलं नाही. "असं का, गुरुजी?"

"वरून सुरू केलं की पाणी टोकाला पोचत नाही. बारा वर्षं पोचलं नाही. कागदावर मात्र सगळ्यांना सारखं होतं."

मी मोबाईल पिशवीत ठेवला.

"पण तुमचं पीक जळालं तर?"

गुरुजींनी फावड्यानं एक मोठं ढेकूळ उचललं आणि आपल्याच रानाच्या तोंडाशी दाबून बसवलं...

दुसऱ्या दिवशी सकाळी, परिपाठ झाल्यावर, पाचवी 'अ'चं हजेरीपत्रक मी देवकर सरांच्या हातात दिलं.

ते गांगरले. "मॅडम, मला जमेल?"

"नाही जमलं तर ती मुलं सांभाळून घेतील तुम्हाला."

मग त्या सोळा जणांना घेऊन मी वर्गात गेले आणि दार ओढून घेतलं. वर्ष संपेपर्यंत हाच माझा वर्ग.

मधल्या सुट्टीत गुरुजींना फोन लावला. झालं ते सांगितलं.

"गुरुजी, निकाल खाली आला तर?"

पलीकडे फावड्याचा आवाज थांबला.

"कोणाचा? टोकाच्या पोरांचा?"