वाळलेले कुंचले आणि झाकलेलं चित्र

रणधीरराजांनी पेटीतला एक कुंचला उचलून गालावरून फिरवला आणि कळवळून खाली टाकला. गालावर चांगला ओरखडा उठला होता.

"येसाजी, हा कुंचला आहे की खराटा?"

येसाजी चितारी भाच्याच्या लग्नाला गेला होता, तो सकाळीच परतला होता. पाहतो तो पेटीतले सगळे कुंचले वाळून खिळ्यासारखे कडक! खारीच्या शेपटीच्या केसांचे ते कुंचले राजाच्या आजोबांच्या वेळचे. त्यांनीच येसाजी राजाचं मोठं चित्र रंगवत होता. ते अजून अर्धवट होतं आणि दरबारात पांढऱ्या कापडाखाली झाकून ठेवलेलं होतं.

"महाराज, मी जाताना धुऊन ठेवले होते."

"मग काय भुतानं वाळवले? ज्यानं आजोबांच्या कुंचल्यांची ही दशा केली, त्यानं आज दिवेलागणीला गाव सोडायचं. माझा शब्द म्हणजे दगडावरची रेघ!"

पिढ्यान्‌पिढ्यांचं घर सोडून या वयात जायचं कुठं? तेवढ्यात त्याची मुलगी आवडी पुढे झाली. बापाचे रंग तीच घोटायची, आणि जीभही तिनं रंगांबरोबरच घोटून घेतली असावी.

"महाराज, ही दशा बाबांनी केलेली नसेल तर?"

"तर ज्यानं केली तो जाईल. पण आधी कुंचले मऊ करून दाखव. एक केस गळता कामा नये, आणि माझ्या गालाला टोचता कामा नये. बापानं हात लावायचा नाही. जमलं नाही तर दोघंही चालू लागा."

दरबारात सल्ल्यांना ऊत आला. न्हावी म्हणाला, टोकं छाटून टाकू. लोहार म्हणाला, हलक्या हातानं ठोकून पाहू. प्रधानजींनी तर उकळतं पाणी मागवलं.

"प्रधानजी," आवडी म्हणाली, "उकळत्या पाण्यानं केस मुळापासून सुटतात. खोटं वाटत असेल तर आधी तुमच्या मिशा बुडवून बघा."

प्रधानजींनी मिशीवर हात ठेवला तो ठेवलाच.

आवडीनं मुदपाकखान्यातून परातभर पाणी आणलं आणि त्यात कोपर बुडवून पाहिलं. बाळाला न्हाऊ घालण्याइतकंच कोमट. त्यात तिनं रिठे कुस्करले. मग काठीला दोरा बांधून कुंचले उलटे टांगले. टोकं पाण्यात बुडाली, पण तळाला टेकली नाहीत.

घटका गेली, दुसरी गेली. राजा बसल्या जागी चुळबुळ करू लागला.

"अगं, घास की जोरात!"

"रंगात डिंक असतो, महाराज. तो त्याच्या सवडीनं सुटतो. रुसलेल्या माणसाला ओढलं तर तो जास्तच ताठतो, नाही का?"

राजाला राणीसाहेबांची आठवण झाली असावी, कारण तो पुन्हा मागे टेकून बसला.

उन्हं कलली आणि पाण्यात रंग उतरू लागला. काळाकुट्ट! आवडीनं पाणी बदललं, बोटांच्या चिमटीत एकेक टोक हळूच चोळलं. पुन्हा काळंच पाणी. येसाजी डोकावून बघत होता, तो दचकला.

"काळा? अगं, काळी डबी तर मी अजून उघडलीच नाही!"

"ऐकलंत, महाराज?" आवडी म्हणाली. "आम्ही चितारी काळा रंग सगळ्यात शेवटी, मुहूर्त बघून उघडतो. डोळे, भुवया, मिशा, सगळं त्याच दिवशी. बाबा लग्नाला गेले तेव्हा चित्रात काळा ठिपकासुद्धा नव्हता."

शेवटचं पाणी स्वच्छ निघालं. तिनं टोकं निमुळती करून, पाणी टिपून कुंचला राजाच्या हातात दिला. राजानं तो भीतभीत गालावरून फिरवला आणि त्याला गुदगुल्या झाल्या. परातीत एकही केस नव्हता.

"शाब्बास! आता चोर दाखव."

आवडीनं चित्रावरचं कापड ओढलं.

चेहऱ्याला डोळे नव्हते, भुवया नव्हत्या. पण नाकाखाली भलीमोठी काळी मिशी! तिचं एक टोक बेताचं वळलेलं, दुसरं थेट कानात शिरलेलं. दरबारात कुणीतरी खोकल्याच्या आड हसून घेतलं.

राजाचा चेहरा उतरला. परवा दुपारी त्यानं कापड उचलून हळूच डोकावलं होतं. बिनमिशीचे महाराज त्याला काही केल्या बघवले नव्हते. काळी डबी उघडून, एकेक करत सगळे कुंचले चालवून त्यानं मिशी काढली आणि कुंचले तसेच पेटीत टाकून तो निघून गेला. आपण टाकलेली वस्तू कुणीतरी धुतं, एवढंच त्याला जन्मापासून ठाऊक होतं.

"कोण तो?" राजानं अगदी हळू विचारलं.

येसाजी लेकीला डोळ्यांनी दटावत होता. गप्प बसली तर बाप जाणार, बोलली तर स्वतःची मान जाणार. बाहेर दिवे लागायची वेळ झाली होती.

"महाराज, तुमच्या मिशीला हात लावायची छाती या राज्यात एकाच माणसाची आहे," आवडी म्हणाली. "पण त्याचं नाव काही मी घेणार नाही. तुमचा शब्द दगडावरची रेघ! नाव घेतलं तर त्याला आत्ताच गाव सोडावं लागेल. आणि इतक्या घाईत आम्ही दुसरा राजा कुठून आणायचा?"

राजा असा हसला की पगडी घरंगळून परातीत पडली.

"मी ओढलेली रेघ मीच पुसतो. चोरानं गाव सोडायचं नाही, यापुढे कुंचले धुवायचे!" त्यानं हातातलं सोन्याचं कडं काढून आवडीला दिलं आणि कुंचल्यांची पेटीही तिच्याच हवाली केली. "चित्रातले डोळे आता तूच काढायचेस."

"आणि ही मिशी पुसू ना, महाराज?"

राजानं मान तिरकी करून चित्राकडे नीट पाहिलं.

"कानाकडची तेवढी पूस. दुसरी बाजू बरी जमलीय!"