टिंगी म्हणे, पाखरू नाही मी!

खाडीकाठी होता एक उंबर. उंबराला होती एक फांदी. फांदीला लटकली होती टिंगी. उलटी! पाय वर, डोकं खाली.

टिंगी म्हणजे वटवाघळाचं पिल्लू. एवढुस्सं! अंगावर मऊ मऊ लव. कान मात्र हे मोठे. उडता अजून येत नव्हतं.

आई गेली होती फळं खायला. जाताना म्हणाली होती, "इथेच लटक हं. उजाडलं की येते. मग दूध!"

पहाटे पहाटे आला कावळा. काव काव! टोच टोच! टिंगी पडली पाचोळ्यात. धप्प!

"ही फांदी पाखरांची," कावळा म्हणाला. "तुला ना चोच, ना पिसं. चालती हो!"

आता गं काय? आई तर इथेच येणार. टिंगी फांदीवर नसली, तर आईला सापडणार कशी? आणि दूध? टिंगीला रडू आलं. पण रडण्याहून जास्त आला राग!

निघाली टिंगी. सरक सरक, खुडुक खुडुक.

बुंध्याशी भेटली खार.

"खारूताई, खारूताई! कावळा फांदी सोडेना. तू त्याची शेपूट चाव ना!"

"मी नाही जा! तुला पंख आहेत. तू पाखरू. वानरानं झाड हलवलं, तर बघू."

घ्या! कावळा म्हणतो पाखरू नाही, खार म्हणते पाखरूच. टिंगीनं आपटला पाय.

"पाखरू नाही मी, आईच्या पोटची मी!
दूध पिते मी, फांदी घेईनच मी!"

सरक सरक, खुडुक खुडुक.

बांधावर बसला होता वानर. खाजवत होता पोट. खरर् खरर्!

"वानरदादा, वानरदादा! कावळा फांदी सोडेना. खार शेपूट चावेना. तू झाड हलव ना!"

"मी नाही जा! तुला पंख आहेत. तू पाखरू. म्हशीनं ढुशी दिली, तर बघू."

"पाखरू नाही मी, आईच्या पोटची मी!
दूध पिते मी, फांदी घेईनच मी!"

सरक सरक, खुडुक खुडुक.

चिखलात लोळत होती म्हैस. डुबुक डुबुक! जवळच तिचं रेडकू.

"म्हशीबाई, म्हशीबाई! कावळा फांदी सोडेना. खार शेपूट चावेना. वानर झाड हलवेना. तू झाडाला ढुशी दे ना!"

"मी नाही जा! तुला पंख आहेत. तू पाखरू. खाडीतल्या मोठ्या माशानं पाणी उडवलं, तर बघू."

"पाखरू नाही मी, आईच्या पोटची मी!
दूध पिते मी, फांदी घेईनच मी!"

सरक सरक, खुडुक खुडुक. आली टिंगी पाण्याशी.

"मोठ्या माशा, मोठ्या माशा! कावळा फांदी सोडेना. खार शेपूट चावेना. वानर झाड हलवेना. म्हैस ढुशी देईना. तू पाणी उडव ना!"

फुस्स्स! वर आलं एक गुळगुळीत डोकं. ती होती डॉल्फिन. आणि ती चिडली होती!

"मासा? मासा कुणाला म्हणतेस गं?

मासा नाही मी, आईच्या पोटची मी!
हवा घेते मी, बाळाला पाजते मी!"

टिंगीनं वाकून पाहिलं. डॉल्फिनच्या पोटाशी होतं तिचं बाळ. दूध पीत होतं. चुट चुट! टिंगीनं जीभच चावली.

"चुकले, मावशी! मला सगळे पाखरू म्हणतात. आणि मीच तुला मासा म्हटलं!"

डॉल्फिन हसली. मग ओरडली काठाकडे तोंड करून,

"म्हशी, तुझं रेडकू काय पितं गं?"

"दूध!"

"वानरा, लहानपणी तू काय प्यालास रे?"

"दूध!"

"खारी, तुझी पिल्लं काय पितात गं?"

"दूध!"

"आणि आमची टिंगी काय पिते?"

मग सगळे हळूच म्हणाले, "दूध."

"मग ती आपलीच की!" डॉल्फिन म्हणाली. आणि मारली शेपूट. सप्प्!

डॉल्फिननं पाणी उडवलं. म्हशीनं ढुशी दिली. वानरानं झाड हलवलं. खारीनं शेपूट चावली. कचकन!

"काव! काव! मेलो!" कावळ्यानं फांदी सोडली. पळाला भुर्रर्र!

टिंगी खोडावर चढली. सरक सरक, खुडुक खुडुक. फांदी धरली घट्ट. पाय वर, डोकं खाली.

उजाडलं. फडफड, फडफड. आली आई!

"टिंगे, कुठे आहेस गं?"

"इथेच, आई! माझ्या फांदीवर!"

आईनं तिला हुंगलं, पंखात घेतलं आणि पाजलं. चुट चुट! खाली रेडकू प्यायलं. चुट चुट! खाडीत डॉल्फिनचं बाळ प्यायलं. चुट चुट!

कावळा दुरून ओरडला, "पण ती उलटीच लटकते!"

टिंगीनं दूध सोडलं नाही. तोंड भरलेलंच होतं. तशीच म्हणाली,

"लटकेन! माझी फांदी!"

टिंगीचं पोट भरलं, आता ज्यानं त्यानं आपल्या आईला बिलगावं.